‘मोबाइल उघड’ म्हटल्यावर काय करायचं

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या रात्री अकराच्या सुमारास मित्राकडून घरी येत होता. चौकात नाकाबंदी होती. लायसन्स दाखवलं, आरसी दाखवली, पीयूसी दाखवलं. सगळं झाल्यावर हवालदारांनी हात पुढे केला, ‘मोबाइल उघड.’ त्यानं उघडून दिला. एकवीस वर्षांचा मुलगा, रात्रीची वेळ, समोर खाकी वर्दी. दुसरं काय करणार? हवालदारांनी व्हॉट्सॲपच्या सर्चमध्ये दोन-तीन शब्द टाकून पाहिले, मग गॅलरीत शिरले. अंगठा वर सरकत होता. तो माझ्या आईच्या फोटोवर थांबला. ऑपरेशननंतरचा फोटो, डोकं भादरलेलं, नाकात नळी. ‘ही कोण?’ ‘आजी.’ फोन परत मिळाला. ‘जा’ म्हणाले. चार मिनिटांचा मामला. नोंद नाही, पावती नाही, कुणाचं नाव नाही.

घरी आल्यावर तो जेवला नाही. मला म्हणाला, ‘काका, त्यात तसलं काही नव्हतंच. पण आजीचा तो फोटो मी आईलासुद्धा दाखवला नव्हता.’

‘काही लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला’ असं म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून हा फोटो सांगतो. हा लेख त्या रात्रीतूनच आला आहे. फोन मागितला गेला, नोटीस आली, घरी झडती आली, तर सामान्य माणसानं काय करायचं, कुठं ‘हो’ म्हणायचं, कुठं थांबायचं आणि कोणता कागद मागायचा, ते मी क्रमानं सांगणार आहे. कागद हा शब्द लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो येणार आहे.

आधी पायाखालची जमीन बघून घ्या

खडकसिंग नावाचा उत्तर प्रदेशातला एक माणूस. १९४१ मध्ये दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला गेला, पुरावा नसल्यानं सुटला. पोलिसांनी मात्र त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळत ठेवण्यासाठीची नोंद, उघडली. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई येऊन दार वाजवायचे, झोपेतून उठवायचे. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयानं रात्रीच्या त्या भेटी रद्द केल्या, पण पाळतीचे बाकी प्रकार कायम ठेवले. घटनेत खासगीपणाचा हक्क दिलेला नाही, असं बहुमतानं म्हटलं. न्या. सुब्बाराव यांनी मात्र वेगळा निकाल लिहिला, की खासगीपण हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यांचं म्हणणं मान्य व्हायला पंचावन्न वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे.

त्या निकालातून सरकारी हस्तक्षेपासाठी जी कसोटी आली, ती तीन प्रश्नांत मावते. याला कायद्याचा आधार आहे का? हेतू रास्त आहे का? आणि जेवढी गरज तेवढंच केलं जातंय का? कुणीही अधिकारी तुमच्याकडे काहीही मागो, मनातल्या मनात हे तीन प्रश्न विचारायची सवय लावा.

आता दुसरी बाजू. ती बहुतेक लेखांत सांगितली जात नाही. पोलिसांनी पुरावा बेकायदा मिळवला तर तो कोर्टात टिकत नाही, असा आपला समज असतो. भारतात सर्वसाधारण नियम तसा नाही. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या) लाच प्रकरणात, मलकानी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये फोनवरचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण ग्राह्य धरलं. पुढच्याच वर्षी पूरणमल खटल्यात, झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा तेवढ्या कारणानं बाद होत नाही, असं सांगितलं. म्हणजे ‘आत्ता देऊन टाकू, पुढं कोर्टात बघून घेऊ’ हा हिशेब चुकतो. जे वाचवायचं ते देण्याआधी, आणि देताना कागदावर लिहून घेऊनच वाचवायचं.

पोलिसांना तपास करता येऊ नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांचे सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी चाललेले फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले आणि ते पुढं मोलाचा पुरावा ठरले. पण ते ठरावीक नंबर होते, त्यांच्यामागे ठोस कारण होतं. चौकात येणाऱ्या प्रत्येक पोराचा फोन उघडणं ही वेगळी गोष्ट आहे. २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यात लोकांना थांबवून फोनमध्ये ‘गांजा’ शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ फिरले, तेव्हा देशभर त्यावर बोललं गेलं. माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये कोणते शब्द टाकले गेले, ते त्याला घाबरून वाचताही आलं नाही.

आजच, घरबसल्या, अर्ध्या तासात

हे काम नोटीस येण्याआधीचं आहे. नोटीस आल्यानंतर किंवा आपल्यावर तपास चालू आहे हे कळल्यानंतर फोनमधलं काही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ आणि २४१ खाली गुन्हा आहे. साधा, निरुपद्रवी मेसेज पुसलात तरी त्यातून भलतंच काही दिसू शकतं. स्वच्छता करायची ती शांततेच्या काळात, घर झाडतो तशी.

पहिलं, फोनचं कुलूप. चार आकडी पिन असेल तर निदान सहा आकडी करा, अक्षरांचा पासवर्ड ठेवलात तर आणखी चांगलं. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. बोटाच्या ठशानं आणि चेहऱ्यानं उघडणारं कुलूप सोयीचं आहे, पण बोट जबरदस्तीनं लावता येतं, फोन तोंडासमोर धरता येतो. पिन मनात असतो. बहुतेक नव्या फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून धरलं की बोट-चेहरा तात्पुरता बंद करायचा पर्याय येतो. आपल्या फोनवर तो कुठं आहे ते आजच शोधून दोनदा करून बघा. फोन पूर्ण बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच मागतो, आणि तोवर आतली बहुतेक माहिती कुलूपबंद असते. ही सवय प्रवासात उपयोगी पडते.

दुसरं, व्हॉट्सॲपचा बॅकअप. मेसेज जाता-येता सुरक्षित असतात, पण त्यांची प्रत गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर उघडी पडलेली असते. सेटिंगमध्ये चॅट्स, चॅट बॅकअप, तिथं एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा पर्याय आहे. तो चालू करा आणि पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, कारण तो हरवला तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. ज्या गप्पा आठवड्यानंतर कुणाच्याच कामाच्या नसतात, त्यांना आपोआप पुसले जाणारे मेसेज लावून ठेवा.

तिसरं, गॅलरी. आधार, पॅन, पासबुक, वैद्यकीय रिपोर्ट, मुलांचे फोटो हे सगळं एकाच ढिगात पडलेलं असतं. कुलूपबंद फोल्डर जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतो. मी त्याच रात्री आईचे सगळे फोटो तिथं हलवले.

चौथं, आधार. युआयडीएआयच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा. रेशन किंवा बँकेसाठी अंगठा लावायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडा. जिथं नुसती ओळख दाखवायची आहे तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त भाडेकरू नोंदणीसाठी’, खाली तारीख आणि सही, अक्षरं छपाईवरून जातील अशी. पोलीस ठाण्यातल्या भाडेकरू नोंदणीसाठी दिलेली माझ्या एका मित्राची आधारची प्रत नंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नवीन मेंबर’ म्हणून फिरली. एकशे चाळीस लोकांकडे त्याचा पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं नाव. मागं घेणार कसं?

पाचवं, दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवा, कारण त्या नंबरवरून झालेल्या गुन्ह्याची पहिली चौकशी तुमच्याकडे येईल. ही सोय चांगली आहे. पण नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीला सरकारनं याच सोयीचं ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीनं भरायचा आदेश कंपन्यांना दिला होता. लोकांनी आवाज उठवला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली गेली. स्वतःहून वापरायचं साधन आणि लादलेलं साधन यांतला फरक लोकांना कळतो, हे त्या तीन-चार दिवसांत दिसलं.

नाकाबंदीत फोन मागितला तर

वाहनाची कागदपत्रं मागणं हा पोलिसांचा अधिकार आहे, ती लगेच द्या. डिजीलॉकरमधली चालतात, पण त्यासाठी फोन हातात देऊ नका, स्क्रीन दाखवा. कागदपत्रांची छापील प्रत गाडीत ठेवलीत तर फोन बाहेर काढायची वेळच येत नाही. मी आता घरातल्या सगळ्यांना तेच सांगितलं आहे.

रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचाही फोन उघडून वाचावा, असा सरसकट अधिकार देणारं कलम नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ९४ नुसार तपासासाठी फोनसारखं उपकरण हजर करायला सांगता येतं, पण ते कोर्टाच्या समन्सनं किंवा ठाणे प्रभारी अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं. कलम १०६ खाली गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू जप्त करता येते, पण मग त्या जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटला द्यावी लागते. अमली पदार्थांच्या कायद्यात सार्वजनिक जागी झडतीचे जास्त अधिकार आहेत. तिथंही अधिकाऱ्याकडे तसं मानायला कारण असावं लागतं. ‘सहज बघू’ याला कुठंच जागा नाही.

प्रत्यक्षात काय बोलायचं? आवाज खाली, हात दिसतील असे. ‘साहेब, गाडीची सगळी कागदपत्रं देतो. फोन खासगी आहे. तपासासाठी हवा असेल तर लेखी द्या, मी ठाण्यात घेऊन येतो.’ हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून बघा. रात्री अकराला आयत्या वेळी सुचत नाही. पुतण्याकडून मी ते पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. पहिल्या दोन वेळा तो ‘फोन’ शब्दावरच अडखळत होता.

एवढ्यावर बहुतेक वेळा विषय संपतो. संपला नाही, जोर लावला गेला, तर झटापट करू नका, फोन हिसकावू नका, पळू नका. न्याय संहितेतलं सरकारी कामात अडथळ्याचं कलम २२१ आणि अंगावर गेल्याचं कलम १३२ फार लवकर लागतं, आणि मग मूळ मुद्दा बाजूला पडतो. स्पष्ट शब्दांत एकदा सांगा, ‘माझी संमती नाही’, आणि वर्दीवरचं नाव, गाडीचा नंबर, वेळ, चौक ध्यानात ठेवा. घरी पोचल्यावर झोपण्याआधी ते कागदावर उतरवा. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयाच्या आवक कक्षात एक पानी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घ्या. दाद मिळाली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य मानवी हक्क आयोग आहे.

ठाण्यातून बोलावणं आलं तर

‘जरा येऊन जा’ असा फोन म्हणजे नोटीस नव्हे. विनयानं विचारा, कोणत्या गुन्ह्यात, गुन्हा रजिस्टर नंबर काय, मी साक्षीदार आहे की संशयित, आणि नोटीस लेखी पाठवा. साक्षीदाराला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली बोलावतात, संशयिताला कलम ३५(३) खाली. या दोन्हींत तुमची जागा फार वेगळी आहे. ३५(३) ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरची माणसं, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून घराबाहेर बोलावता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं. कित्येक घरांत आजही आईला किंवा बहिणीला ठाण्याच्या बाकड्यावर तीन-तीन तास बसवलं जातं, कारण हे कलम त्या घरात कुणाला माहीत नसतं.

व्हिडिओ कॉलवर वर्दी दाखवून ‘डिजिटल अटक’ करणारे सगळे भामटे आहेत. फोन ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

खरी नोटीस आली तर टाळू नका, वकिलाशी बोला आणि जा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. जाताना साधा फोन न्या किंवा फोन बंद करून न्या.

ठाण्यात सीसीटीव्ही आहेत, हे लक्षात असू द्या. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितलं. काही अघटित घडलं तर त्याच आठवड्यात अर्ज द्या: ‘अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जतन करावं.’ चित्रण मिळणं पुढची गोष्ट. जतन करा असं लिहून पोहोच घेतली की ते ‘चुकून पुसलं गेलं’ म्हणणं अवघड होतं. ठाण्यात स्वतः मोबाइलवर चित्रण केलं म्हणून सरकारी गुपितांचा कायदा (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) लावण्याचे प्रकार झाले. वर्ध्याच्या अशाच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं, की पोलीस ठाणं त्या कायद्यातली निषिद्ध जागा नाही.

घरझडती आणि फोनची जप्ती

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पुढची सगळी लढाई याच एका तासात जिंकली किंवा हरली जाते.

वॉरंट असेल तर ते पूर्ण वाचा: पत्ता, नाव, काय शोधायचं आहे, सही, तारीख. वॉरंटशिवायही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली तातडीची झडती घेता येते, पण अधिकाऱ्यानं कारणं आधी लिहायची असतात आणि ती नोंद ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. त्या नोंदीची प्रत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केल्यावर तुम्हाला विनामूल्य मिळते. हा अर्ज फार थोडे लोक करतात. तुम्ही नक्की करा.

झडतीला परिसरातले दोन स्वतंत्र पंच हवेत. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहायचा हक्क आहे, तेव्हा प्रत्येक खोलीत अधिकाऱ्यांबरोबर जा. स्त्रीची अंगझडती स्त्रीच घेईल. आणि कलम १०५ नुसार झडती आणि जप्ती, जप्त वस्तूंची यादी आणि सह्या यांसह, चित्रित करणं आता बंधनकारक आहे. ते चित्रण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जायचं असतं. कुणी चित्रण करत नसेल तर शांतपणे म्हणा, ‘साहेब, कलम १०५ चं रेकॉर्डिंग सुरू करता का?’ तुम्हाला कलम माहीत आहे, एवढं कळलं तरी खोलीतलं वागणं बदलतं.

आता पंचनामा. सहसा त्यात एवढंच लिहितात: ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल, जु. वा.’, म्हणजे जुना वापरता. एवढ्यावर सही करू नका. फोनबद्दल पंचनाम्यात हे यायला हवं: कंपनी आणि मॉडेल, आयएमईआय क्रमांक (*#०६# दाबलं की दिसतो, आजच कपाटातल्या वहीत लिहून ठेवा), सिमचे नंबर, मेमरी कार्ड आहे की नाही, फोन चालू होता की बंद, बॅटरी किती टक्के, काच फुटली आहे का, विमान मोडवर टाकला का, आणि तुमच्यादेखत पाकिटात घालून लाखेचं किंवा कागदी सील लावलं का, त्या सीलवर पंचांच्या सह्या झाल्या का. काही राहिलं असेल तर आपल्या अक्षरात ओळ वाढवा आणि मग सही करा. प्रत तिथंच मागा. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे.

एक गोष्ट आणखी मागा: हॅश व्हॅल्यू. फोनमधल्या माहितीचा गणितानं काढलेला हा ठसा असतो, आकडे आणि अक्षरांची एक लांब ओळ. आतल्या लाखो अक्षरांपैकी एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण ओळ वेगळी येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच आहे. माहितीची प्रत जप्तीच्या वेळी काढली जात असेल तर हॅश त्याच वेळी पंचनाम्यात लिहून घ्या. नंतर कुणी फोनमध्ये काही घातलं किंवा काढलं, तर ती ओळ जुळत नाही. ठाण्यात त्या क्षणी ती सोय नसेल, तर ‘हॅश मागितली, दिली नाही’ असं लिहा.

कामाची अडचण असेल तर तीही लिहून द्या. दुकानदाराची उधारी, डॉक्टरची रुग्णांची माहिती, वकिलाची पक्षकारांची कागदपत्रं त्याच फोनमध्ये असतात. पूर्ण फोनऐवजी हव्या त्या भागाची प्रत घ्यावी, अशी विनंती लेखी करा. मान्य होईलच असं नाही, पण पुढं कोर्टासमोर ‘गरजेपेक्षा जास्त घेतलं’ म्हणायला ती पोहोच लागते.

‘पासवर्ड सांग’

इथं कायदा अजून ठरलेला नाही. घटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात अकरा न्यायाधीशांनी ठरवलं, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे ‘साक्ष’ नव्हे. बोटानं उघडणारा फोन याच तर्कात अडकू शकतो. मनातला पिन सांगणं मात्र वेगळं आहे, असं दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयानं २०२२ मध्ये मानलं. त्याच्या आधी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं वीरेंद्र खन्ना प्रकरणात फोन उघडायला लावण्यासाठी कोर्टाच्या आदेशाचा आणि झडती वॉरंटचा मार्ग सांगितला होता.

तेव्हा व्यवहारातलं उत्तर असं: ‘मी सहकार्य करतो, पण वकिलाशी बोलल्याशिवाय पासवर्ड सांगणार नाही. कोर्टाचा आदेश आणा.’ खोटा पासवर्ड सांगू नका, ‘विसरलो’ म्हणू नका. खोटं अंगाशी येतं, नकार येत नाही. द्यायचा निर्णय घेतलात तर ‘माझ्याकडून पासवर्ड घेण्यात आला’ ही ओळ वेळेसकट पंचनाम्यात यायला हवी, आणि ईमेल, बँक, सोशल मीडियाचे पासवर्ड त्याच दिवशी दुसऱ्या उपकरणावरून बदलण्याबद्दल आधी वकिलाला विचारा.

अटक झालीच तर २०२२ च्या ओळखविषयक कायद्याखाली ठसे, फोटो, बुबुळांच्या नोंदी घेतल्या जातात आणि त्या पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि पुढं निर्दोष सुटलात तर, मॅजिस्ट्रेटनं वेगळा आदेश दिला नसल्यास, त्या नष्ट व्हायला हव्यात. निकालाची प्रत जोडून त्यासाठी अर्ज करा. सुटल्याच्या आनंदात हे राहून जातं.

न दिसणारी पाळत

फोन टॅपिंगला आज २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २० आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा; मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. कोर्टाची परवानगी लागत नाही. सचिवांनी दिलेले आदेश सचिवांचीच समिती दोन महिन्यांतून एकदा तपासते. केंद्र सरकारनं २०१३ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार एकट्या केंद्राकडून महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश निघत होते. म्हणजे समितीच्या एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार. एवढ्या आदेशांवर एका बैठकीत विचार होतो, हे मला पटत नाही.

तरीही कागद सापडला की दाद मिळते. मुंबईतल्या एका व्यावसायिकाच्या टॅपिंगचे २००९-१० चे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीच दिसत नव्हतं. आरोपपत्रात संभाषणं आली असतील तर आपल्या वकिलाला टॅपिंगचा मूळ आदेश आणि समितीचा निर्णय मागायला लावा.

टॅपिंगपेक्षा सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदी, जास्त सर्रास वापरला जातो. कुणाशी, कधी, किती वेळ, कोणत्या टॉवरखालून, एवढं त्यात असतं, आणि कंपन्यांना तो दोन वर्षं जपावा लागतो. रात्री दोनला केलेला मानसोपचारतज्ज्ञाचा फोन ऐकायची गरजच नाही, नंबर पुरतो. अशा नोंदी विकणारी टोळी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच पकडली, त्यात खासगी गुप्तहेर होते. साठवलेली माहिती कधी ना कधी गळते, हे त्यातून दिसलं.

याविरुद्ध एकट्यानं करण्यासारखं एक काम आहे: माहिती अधिकार. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावर दहा रुपयांत अर्ज होतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. ‘का’ विचारू नका, दस्तऐवज मागा. मुंबईत २०१६ पासून साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं, राज्याच्या पोलिसांकडे ठसे-चेहरा-बुबुळं एकत्र जुळवणारी अँबिस प्रणाली आहे, २०२४ मध्ये नागपुरात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी सुरू झाली. तुमच्या शहरापुरतं विचारा: चित्रण किती दिवस ठेवायचं याबाबतच्या परिपत्रकाची प्रत, चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खरेदी आदेशाची प्रत, चित्रण बाहेर दिल्याच्या नोंदवहीचा गेल्या वर्षाचा उतारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. ‘परिपत्रक उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तो कागद फार जपून ठेवा. नियमाशिवाय कॅमेरे चालतात, याची ती सरकारी कबुली आहे, आणि पुट्टस्वामीचा पहिला प्रश्न तिथंच लागू होतो.

फोन परत मिळवताना

फोन महिनोन्‌महिने मुद्देमाल खोलीत पडून राहतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं, की जप्त वस्तू पंधरा दिवस ते महिनाभराच्या पलीकडे ठाण्यात ठेवायची गरज नसते. मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करा. पंचनाम्याची प्रत, खरेदीचं बिल, आयएमईआय जोडा. सुपूर्दनाम्यावर फोन मिळतो, बंधपत्र द्यावं लागतं, आणि कोर्टाला लागेल तेव्हा तो हजर करायची अट असते. त्या अटीमुळे मिळालेला फोन विकता येत नाही, आणि कोर्टाला विचारल्याशिवाय रीसेटही करता येत नाही.

ताब्यात घेताना सील आधी बघा. फाटलेलं असेल तर तिथंच, घेण्याआधी, पावतीवर लिहा. आयएमईआय जुळवा, सिम आणि मेमरी कार्ड मोजा. घरी आणल्यावर फोन वाय-फायला जोडू नका, त्यात सिम घालू नका, जुन्या खात्यांत शिरू नका. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसतो का बघा, दिसला तर स्क्रीनशॉट घेऊन मगच काढून टाका. फोन पाकिटात घाला, पाकिटावर तारीख लिहा, आणि पंचनामा, पोहोचा, अर्जाच्या प्रती असलेल्या फाइलच्या शेजारी कपाटात ठेवा.